महागडी चाचणी सगळ्यांना, साधी कुणालाच नाही

घोडबंदर रस्त्यावरचे प्रसूतिगृह असो की नेरुळ-वाशीतले सोनोग्राफी केंद्र, एनआयपीटी या गर्भतपासणीचे माहितीपत्रक आता सगळीकडे दिसते. आईच्या दंडातून थोडे रक्त घ्यायचे, त्यात तरंगणारा वारेचा डीएनए मोजायचा आणि बाळात २१, १८ किंवा १३ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे आहे का, याचा अंदाज बांधायचा. ही चाचणी ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी सरसकट मोफत द्यावी, असे एक बाजू म्हणते. हिरानंदानीच्या उच्चभ्रू संकुलातल्या गर्भवतीला एक न्याय आणि दिघ्याच्या गरीब वस्तीतल्या गर्भवतीला दुसरा, हे किती दिवस चालणार, हा तिचा सवाल. दुसऱ्या बाजूला ही चाचणी म्हणजे अपंग मुलांना जन्माआधीच वगळण्याची सोय वाटते. तिला सरकारी पैसा सोडाच, परवानगीही नको, असे ती म्हणते. दोघेही भांडतात ते एका यंत्राविषयी. त्या यंत्रातून कागद बाहेर पडल्यावर काय होते, हे दोघांनाही विचारावेसे वाटत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. एनआयपीटी चांगली चाचणी आहे आणि तिच्यावर बंदी घालणे मूर्खपणाचे ठरेल. पण सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क तिचा नाही. तो साठ वर्षे जुन्या कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांची मांडणी पाहणाऱ्या चाचणीचा आहे, आणि अहवाल समजावून सांगणाऱ्या माणसाचा आहे. डाउन सिंड्रोम (२१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे) असलेल्या प्रत्येक मुलाचा कॅरिओटाइप झाला पाहिजे, दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या प्रत्येक जोडप्याचा झाला पाहिजे, आणि यातला एकही अहवाल समुपदेशनाशिवाय कुणाच्या हातात पडता कामा नये. हे होत नाही तोवर सरसकट एनआयपीटीची मागणी म्हणजे जोते न घालता दुसरा मजला चढवणे आहे.

आता एनआयपीटीच्या समर्थकांचे जे खरे आहे ते मान्य करू. डबल मार्कर ही रक्तचाचणी आणि एनटी स्कॅन ही सोनोग्राफी एकत्र केली, तर डाउन सिंड्रोमच्या गर्भांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के सापडतात, आणि त्यासाठी शंभरातल्या पाच निरोगी गर्भांच्या आयांना विनाकारण धास्ती घ्यावी लागते. एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते, ट्रायसोमी २१ चे, म्हणजे २१ वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असलेले, सुमारे ९९ टक्के गर्भ पकडते आणि खोटी धास्ती हजारात एखादीलाच देते. म्हणजे पोटात सुई घालून गर्भजल काढण्याची वेळ कितीतरी कमी जणींवर येते. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए असतो, हे १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवले तेव्हापासूनचा हा प्रवास थक्क करणारा आहे, यात शंका नाही.

पण ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांचा अर्थ माहितीपत्रकात दिलेला नसतो. विशी-पंचविशीतल्या दहा हजार गर्भवती घ्या. या वयात डाउन सिंड्रोमचे प्रमाण ढोबळमानाने हजारात एक धरले, तर दहा गर्भ बाधित असतील. चाचणी ते जवळजवळ सगळे पकडेल. उरलेल्या ९,९९० जणींत हजारी एक या दराने आणखी दहा जणींचा अहवाल चुकून ‘हाय रिस्क’ येईल. वीस अहवाल, त्यातले दहा खोटे. तीच चाचणी चाळिशीच्या दहा हजार जणींवर केली, तर शंभर गर्भ बाधित, आणि खोटे अहवाल तेवढेच, दहा. तिथे हाय रिस्क अहवाल दहातल्या नऊ वेळा खरा ठरतो. यंत्र तेच, रसायन तेच. बदलले फक्त वय. म्हणूनच चाचणी सरसकट केली की सर्वाधिक खोटे अहवाल तरुण आयांच्या वाट्याला येतात. दुर्मीळ सूक्ष्म-लोपांसाठी, म्हणजे गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळालेला असण्यासाठी (२२क्यू११ सारखे), पॅकेजमध्ये जी जादा तपासणी विकली जाते, तिथे हे गणित याहून वाईट होते.

खोटा अहवाल येतो तरी का? मोजला जाणारा डीएनए बाळाचा नसतो, वारेचा असतो. कधी कधी जादा गुणसूत्राच्या पेशी वारेतच राहतात आणि बाळ निरोगी असते. कधी जुळ्यांपैकी एक गर्भ आधीच विरून गेलेला असतो, त्याचा डीएनए रक्तात रेंगाळतो. कधी आईच्याच काही पेशींत गोंधळ असतो. गर्भाच्या डीएनएचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली गेले, आणि वजन जास्त असलेल्या स्त्रियांत ते अधिक वेळा जाते, तर उत्तरच येत नाही. म्हणून हाय रिस्क अहवालानंतर गर्भजल परीक्षेसारख्या चाचणीनेच निदान करायचे, हा नियम जगभर आहे. इथे मात्र हाय रिस्क हा शब्द वाचून थेट गर्भपाताची तारीख मागणारी जोडपी भेटतात, आणि त्यांना थांबवायला समोर बसलेल्या डॉक्टरांकडे दहा मिनिटेही नसतात.

आणि एक नुकसान असे आहे, ज्याचा उल्लेख वादात कुणीच करत नाही. डाउन सिंड्रोमच्या शंभर मुलांपैकी सुमारे ९५ मुलांत २१ क्रमांकाचे गुणसूत्र सुटे, तिसरे असते. एक-दोघांत ते काही पेशींतच असते. उरलेल्या तीन-चार मुलांत मात्र हे जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा १४ व्या क्रमांकाच्या, चिकटलेले असते. यालाच ट्रान्सलोकेशन म्हणतात. अशा मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शात ही जोडणी आई किंवा वडिलांकडून आलेली असते. त्या पालकाच्या पेशीत ४६ ऐवजी ४५ च गुणसूत्रे असतात, पण ऐवज सगळा जागेवर असतो; तो माणूस ठणठणीत असतो. आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक खेपेला डाउन सिंड्रोमचे मूल होण्याची शक्यता दहा ते पंधरा टक्के. वडील वाहक असतील तर ती एक-दोन टक्क्यांच्या आत. आणि २१ ला २१ च चिकटलेले असेल, तर जिवंत जन्मणारे प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचेच. उलट सुट्या ट्रायसोमीत ही शक्यता साधारण एक टक्का, किंवा वय वाढलेले असेल तर वयाप्रमाणे. पालकांना दिले जाणारे उत्तर एक टक्का ते शंभर टक्के इतके बदलते, आणि ते ठरते एका कॅरिओटाइपवर.

एनआयपीटी हे सांगू शकत नाही. ती २१ व्या गुणसूत्राचा ऐवज किती आहे ते मोजते. तो कुठे जोडलेला आहे हे तिला दिसत नाही. रद्दीवाला वजन सांगतो, कपाटात पुस्तके कोणत्या क्रमाने होती ते नाही. एनआयपीटीच्या भरवशावर गर्भपात झाला आणि गर्भजल किंवा गर्भाच्या ऊतीची गुणसूत्रे कुणी पाहिलीच नाहीत, तर या खेपेचा प्रश्न मिटतो आणि पुढच्या सगळ्या खेपांचे उत्तर हरवते. याला प्रगती म्हणायचे का?

कॅरिओटाइपवरचे आक्षेप मात्र खरे आहेत. तो मंद आहे. डीएनएच्या पाच ते दहा दशलक्ष अक्षरांपेक्षा लहान तुटफूट त्यात दिसत नाही. कारण न कळलेल्या मतिमंदत्वासाठी मायक्रोअॅरे (डीएनएतली लहान घट-वाढ टिपणारी चाचणी) आधी करावी, ही शिफारस २०१० पासून आहे आणि ती योग्यच आहे. पण मायक्रोअॅरेही ऐवजच मोजते. काही न हरवता जागा बदललेले ट्रान्सलोकेशन तिलाही दिसत नाही. गुणसूत्रांची मांडणी डोळ्यांनी पाहायची, तर पेशी वाढवून, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवून सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी लागते. आणि ही चाचणी अनेकदा बिघडते ती प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच.

रक्त दोन-तीन मिली पुरते, पण ते हिरव्या झाकणाच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत हवे. सवयीने जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतले की ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशी विभागायला नकार देतात. नळी बर्फाला टेकवून ठेवायची नाही, मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतही नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, शक्यतो चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. मुरबाडला शनिवारी दुपारी काढलेले रक्त तुर्भ्याला सोमवारी पोहोचले, तर वाढ कमी आणि पाहण्याजोग्या पेशी मोजक्या. तिथे ते पेशींना विभागायला लावणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घातलेल्या माध्यमात ३७ अंशांवर ७२ तास वाढवतात, कोल्सेमिडने विभाजन अडवतात, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवतात, मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात स्थिर करतात आणि काचपट्टीवर थेंब टाकतात. या थेंबाला हवेची आर्द्रता कळते. जुलैत ठाण्याच्या दमट हवेत पट्टी सावकाश सुकते, गुणसूत्रे फार पसरतात आणि एका पेशीची दुसरीत मिसळतात. खोलीत आर्द्रता राखणारे यंत्र नसेल, तर अहवालात ‘एक गुणसूत्र कमी’ असे खोटे दिसू लागते. मग गुणसूत्रांवर पट्टे उमटावेत म्हणून ट्रिप्सिन, जिम्साचा रंग, आणि किमान वीस पेशींची मोजणी. मोझेकचा, म्हणजे काही पेशींतच दोष असण्याचा, संशय असेल तर तीस ते पन्नास. गर्भपातानंतरची ऊती तर हमखास फॉर्मेलिनमध्ये येते, कारण ती पॅथॉलॉजीच्या सवयीने भरलेली असते. फॉर्मेलिनमध्ये पेशी मेल्या की कॅरिओटाइप संपला. निर्जंतुक सलाइनमध्ये आली, तरी आईचे आवरण वेगळे करून फक्त वारेचे तंतू वाढवले नाहीत, तर अहवाल येतो ‘४६, एक्सएक्स’, म्हणजे सामान्य स्त्रीची गुणसूत्रे, तो आईचा असतो, आणि जोडप्याला सांगितले जाते की गर्भ ठीक होता. पहिल्या तिमाहीतल्या निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांचा दोष असतो, हे लक्षात घेतले तर या एका चुकीची किंमत कळते.

यातले काहीच महाग नाही. खासगीत एनआयपीटीला दहा ते वीस हजार रुपये पडतात, कॅरिओटाइप त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात होतो. दहा हजार जणींना दहा हजारांची चाचणी द्यायची तर दहा कोटी. त्यातल्या एका छोट्या वाट्यात ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडच्या डाउन सिंड्रोमच्या मुलांचे कॅरिओटाइप वर्षभर होतील.

इथे चाणाक्ष वाचक विचारील: तुमच्याच आकड्यांनी शंभर मुलांत एखादेच कुटुंब वाहक निघते, एकासाठी शंभर चाचण्या? आक्षेप वजनदार आहे. पण ही शंभर मुले शोधायला वेगळी मोहीम लागत नाही. ती समोर आहेत. वाहक निघालेल्या पालकाच्या प्रत्येक भावंडाला तीच जोडणी असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे एका अहवालातून एक घर नव्हे, एक अख्खे गोत जोडले जाते. आणि उरलेल्या नव्याण्णव घरांना जे मिळते ते कमी नाही: ‘पुन्हा होण्याची शक्यता एक टक्का’ हे वाक्य. सुनेच्या माहेरचा दोष, ग्रहणात घराबाहेर पडल्याचा दोष, पहिल्या मुलानंतर लगेच दिवस राहिल्याचा दोष, हे सगळे त्या एका वाक्यापुढे गळून पडते. पडायला हवे, असे म्हणतो. वाक्य सांगणारे कुणी असेल तर.

कागद स्वतः बोलत नाही, हे या विज्ञानाच्या इतिहासानेच दाखवले आहे. माणसाची गुणसूत्रे ४६ की ४८, अशा संभ्रमात टेक्सासचे जीवशास्त्रज्ञ थिऑफिलस पेंटर सुरुवातीला होते. १९२३ मध्ये त्यांनी ४८ ठरवले आणि पुढची तीन दशके जगभरच्या सूक्ष्मदर्शकांत ४८ च दिसत राहिली. १९५६ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये जो हिन त्यिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी ४६ मोजली, तेव्हा इतरांच्या जुन्या चित्रांतही ४६ च असल्याचे आढळले. डोळ्यांना दिसत होते. अपेक्षा आड येत होती. याहून महागात पडली ती एक्सवायवायची गोष्ट. १९६५ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या बंदिस्त रुग्णालयातल्या पुरुषांमध्ये जादा वाय गुणसूत्र अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याचे लिहिले. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘गुन्हेगार गुणसूत्र’ केले. शिकागोच्या एका कुप्रसिद्ध खुन्याच्या माथी ते मारले गेले, आणि तो साधा एक्सवाय निघाला. १९७६ मध्ये कोपनहेगनच्या उंच पुरुषांवरच्या डॅनिश अभ्यासाने हिंसेशी संबंध नसल्याचे दाखवले. सुमारे हजारात एका पुरुषात हे जादा वाय असते आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही. चूक गुणसूत्र मोजण्यात नव्हती. फक्त बंदिस्त संस्थांत शोधले आणि बाहेर किती आहेत हे पाहिले नाही, ही चूक होती.

हीच चूक आज नौपाड्यातल्या आणि कोपरखैरण्यातल्या जोडप्यांबाबत होते. वंध्यत्वासाठी कॅरिओटाइप होतो, अहवालात ‘इन्व्हर्शन ९’ असे लिहून येते, आणि घरात अंधार पडतो. नवव्या गुणसूत्राच्या मध्याजवळचा तुकडा उलटा असणे ही शंभरात एक ते तीन माणसांत आढळणारी गोष्ट आहे. ती विकृती नव्हे, विविधता आहे; ‘९क्यूएच+’ (त्याच गुणसूत्राचा एक भाग लांबट असणे) किंवा लांबट वाय असणे हेही तसेच. तरीही तिच्या नावावर आयव्हीएफचे महागडे पॅकेज विकले गेल्याची उदाहरणे आहेत. याउलट, वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी तीन ते पाच टक्क्यांत एकजण खरोखर ट्रान्सलोकेशनचा वाहक असतो, आणि तिथे मात्र ‘नशीब’ म्हणून चाचणीच होत नाही. नुसती विविधता कुठे संपते आणि विकृती कुठे सुरू होते, हे गुणसूत्रावर छापलेले नसते. ते ठरवायला आपल्याच लोकांशी तुलना लागते. हृदयाच्या स्नायूशी निगडित एमवायबीपीसी३ जनुकातला २५ अक्षरांचा लोप दक्षिण आशियात सुमारे चार टक्के लोकांत असतो, हे २००९ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले. युरोपच्या संदर्भसंचात पाहिले तर तो जवळजवळ नसतोच. जीनोम इंडिया प्रकल्पाची दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, तिचे मोल इथे आहे. पण ती वाचणारा माणूस हवा.

दुसऱ्या बाजूकडे वळू. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे म्हणतात की चाचणी तटस्थ नसते. ज्या समाजात डाउन सिंड्रोमच्या मुलाला शाळा दार उघडत नाही, तिथे ‘निवड’ ही निवड राहत नाही. हे म्हणणे मी जसेच्या तसे स्वीकारतो. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि वेळेवरचे उपचार मिळाले तिथे या मुलांचे आयुर्मान साठीपर्यंत गेले आहे, आणि हे गर्भवतीला कुणी सांगत नाही. पण यातून बंदी कशी निघते? ज्ञान अडवले, तर पैसेवाले ते दुसरीकडून मिळवतील आणि बाकीचे अंधारात राहतील. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. गर्भजल परीक्षा आनुवंशिक दोषांसाठी आली आणि मुली पाडण्यासाठी वापरली गेली. म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्या कायद्याने चाचणी बंद केली नाही, अटी घातल्या: पस्तीशीपुढचे वय, दोन किंवा अधिक गर्भपात, घराण्यातला इतिहास. आणि कलम ५ म्हणते की चाचणीआधी स्त्रीला परिणाम समजावून तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी. तीस वर्षे झाली. सोनोग्राफीची नोंद ठेवणाऱ्या फॉर्म एफच्या रकान्यात शाई पुसट झाली तर यंत्राला सील लागते. संमती खरोखर समजून दिली का, हे कोण तपासते? शहापूरच्या बाईच्या हातात इंग्रजी अहवाल पडतो आणि त्याखाली तिची मराठी सही असते.

वेळेचे गणितही निष्ठुर आहे. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल, पंधरा-वीस मिली, वाढवायला दोन आठवडे. अठरा-एकोणीस आठवडे उजाडतात. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, गर्भातील गंभीर दोषांसारख्या कारणांसाठी चोवीसपर्यंत दोघांचे मत, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळ. या चार आठवड्यांत शांतपणे बोलायला कुणी नसेल, तर निर्णय भीती घेते, ठेवण्याचाही आणि पाडण्याचाही.

मग करायचे काय, हे अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. त्या कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, पथके अंगणवाड्यांत जातात, जिल्हा पातळीवर तपासणी केंद्राची तरतूद आहे. मूल ओळखले जाते, हृदयाची तपासणीही होते. त्याच भेटीत हिरव्या झाकणाची एक नळी भरायची, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, सोमवार-मंगळवारी, म्हणजे ७२ तास रविवारात अडकत नाहीत. ट्रान्सलोकेशन निघाले तरच आईवडिलांचे रक्त घ्यायचे. तुर्भे-महापे-रबाळे पट्ट्यात राज्यभरचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. महापालिकांनी दर ठरवून करार केला की यंत्र विकत घ्यायचीही गरज नाही.

समुपदेशक कुठून आणणार, हा शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत कच्चा. आनुवंशशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुली-मुलांना प्रयोगशाळा विक्री प्रतिनिधी म्हणून नेमतात आणि त्यांनाच ‘समुपदेशक’ म्हणतात. तेच लोक महापालिकेच्या पगारावर, चाचणी विकण्याच्या दडपणाशिवाय, कळवा आणि वाशीच्या रुग्णालयांत बसू शकतात. त्यांचे पहिले काम तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढणे: किती गर्भपात, कुणाचे मूल दगावले, नात्यात लग्न झाले का. त्याला अर्धा-पाऊण तास आणि एक कागद लागतो. दुसरे काम अधिक नाजूक. वाहक निघालेल्या स्त्रीच्या बहिणीला कळले पाहिजे, पण प्रयोगशाळेने बहिणीला फोन करायचा नाही आणि सासूसमोर अहवाल वाचायचा नाही. एका पानाचे मराठी पत्र, त्यात जोडणीचे नाव आणि कुठे तपासून घ्यायचे ते, त्या स्त्रीच्याच हातात द्यायचे. ते पुढे कुणाला, कधी दाखवायचे, हे तिने ठरवायचे.